डीएसएलआरला दुसऱ्या कंपनीची बॅटरी ग्रिप लावावी का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे कॅननचा ८०डी आहे. बॅटऱ्या दोन, एक कंपनीची आणि एक लोकल. तुळशीच्या लग्नानंतर कामं सुरू होतील, दिवसभरात बॅटरी बदलायची कटकट नको म्हणून ग्रिप (कॅमेऱ्याच्या तळाला लावायचा, दोन बॅटऱ्या बसणारा आणि कॅमेरा उभा धरताना वापरायचं वेगळं शटर बटण असलेला जोड) घ्यायची आहे. कंपनीची ग्रिप परवडत नाही, दुसऱ्या कंपनीची तिच्या साधारण चौथ्या हिश्श्यात मिळतेय. ती लावली तर कॅमेरा जळेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी १७ वर्षं लग्नाची कामं करतोय, कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात. एवढ्या काळात चार ग्रिप वापरल्या, दोन कंपनीच्या आणि दोन बाहेरच्या. ग्रिपमुळे बॉडी, म्हणजे लेन्स सोडून बाकीचा कॅमेरा, जळाल्याचा अनुभव मला एकदाही आलेला नाही. मात्र बाहेरच्या ग्रिपमुळे ऐन मंगलाष्टकात कॅमेरा बंद पडल्याचा अनुभव आहे, आणि आपल्या धंद्यात खरी भीती तीच. बॉडी दुरुस्त करून आणता येते, पण अंतरपाट दुसऱ्यांदा धरायला कोणी उभं राहत नाही. त्यामुळे मी उत्तर या बाजूने देतो: ही ग्रिप तुम्हाला कामात दगा देईल का, आणि देऊ नये म्हणून काय करायचं.

त्याआधी बॅटरीचा हिशोब करू, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. ८०डी एका एलपी-ई६एन बॅटरीवर ९६० फोटो देतो असं कंपनी सांगते. हा आकडा ज्या चाचणीतून येतो तिच्यात अर्धे फोटो बॉडीच्या स्वतःच्या छोट्या फ्लॅशवर काढलेले धरतात. आपण तो फ्लॅश उघडतच नाही. वरचा मोठा फ्लॅश स्वतःच्या सेलवर चालतो. त्यामुळे व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीतून, काम केलं तर चांगल्या बॅटरीवर मला १२०० ते १४०० फोटो आरामात मिळतात. तेच लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, काम केलं तर कंपनीचाच आकडा ३०० च्या आसपास येतो. म्हणजे बॅटरी लवकर संपत असेल तर आधी मागची स्क्रीन किती वेळ चालू राहते ते बघा. प्रत्येक क्लिकनंतर फोटो बघायची सवय आणि मधूनमधून घेतलेले व्हिडिओ यातच निम्मी बॅटरी जाते.

आता दिवसभराचं लग्न धरा. सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत माझे २००० ते २५०० फोटो होतात. दोन चांगल्या बॅटऱ्यांत ते बसतात. त्या दोन बॅटऱ्या ग्रिपमध्ये ठेवल्या काय किंवा एक खिशात ठेवली काय, फोटो तेवढेच निघणार. ग्रिपने वाचते ती फक्त एक अदलाबदल, आणि तिला दहा सेकंद लागतात. जेवणाच्या पंगती बसतात तेव्हा ते काम सहज होतं. म्हणून नुसत्या बॅटरीसाठी ग्रिप घेऊ नका. तेच पैसे दुसऱ्या ओरिजिनल बॅटरीत घाला, लोकलची काळजी कायमची मिटेल.

ग्रिप घ्यायची ती उभ्या फ्रेमसाठी. हे मी ठामपणे सांगतो, कारण माझं काम त्यामुळे बदललं. ग्रिप नसताना कॅमेरा उभा धरला की उजवं कोपर खांद्याच्या वर जातं. त्या अवस्थेत ७०-२०० एफ २.८ लावलेला असेल तर एकट्या लेन्सचं वजन दीड किलोच्या जवळ, बॉडी ७३० ग्रॅमची, वर फ्लॅश. अर्ध्या तासाने हात थरथरायला लागतो आणि १/८० शटरला जे फोटो कडक यायचे ते मऊ यायला लागतात. शिवाय मंगलाष्टकाला वधूवरांभोवती नातेवाइकांचा वेढा असतो. वर काढलेलं कोपर कुणाच्या तरी अंबाड्याला लागतं, मागच्या माणसाला काही दिसत नाही, आणि तुम्हालाही नीट उभं राहता येत नाही. ग्रिपचं शटर बटण वापरलं की कॅमेरा उभा असतानाही दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकतात. हात स्थिर, जागा कमी लागते, मान सरळ. संध्याकाळी रिसेप्शनला स्टेजवर जोडीने येणाऱ्या पाहुण्यांचे शेकडो उभे फोटो काढताना हा फरक मनगटाला कळतो.

तुम्हाला ग्रिप लागते का हे ठरवायला मागच्या लग्नाचं फोल्डर उघडा आणि उभे फोटो किती ते मोजा. एक तृतीयांशाहून जास्त असतील तर ग्रिप घ्या. दहातला एक असेल तर गरज नाही. तुमचं काम गिंबलवर (व्हिडिओ स्थिर ठेवणाऱ्या दांड्यावर) जास्त होत असेल तर ग्रिप अडचणच करते, उंची वाढल्यामुळे बॉडी गिंबलवर नीट बसत नाही आणि दरवेळी काढघाल करावी लागते.

आता बाहेरच्या ग्रिपमध्ये धोका नेमका कुठे असतो ते सांगतो. कॅननच्या या बॉडींना ग्रिप लावताना बॅटरीचं झाकण काढायचं असतं, आणि ग्रिपचा वर आलेला खांब बॅटरीच्या जागेत जातो. बॅटरी बॉडीत राहतच नाही. सगळी वीज त्या खांबाच्या टोकाशी असलेल्या छोट्या पट्ट्यांतून बॉडीला मिळते. वीजच नाही, माहितीही तिथूनच जाते, कारण एलपी-ई६ घराण्यातली बॅटरी किती चार्ज उरलाय हे बॉडीला सांगत असते. खाली ट्रायपॉडच्या भोकात जाणारा स्क्रू आहे, तो चाकाने आवळायचा. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचा जीव एका स्क्रूच्या आवळण्यावर आणि चार पट्ट्यांच्या स्पर्शावर अवलंबून असतो. कंपनीच्या ग्रिपमध्ये हा खांब जागेत घट्ट बसतो. बाहेरच्या ग्रिपमध्ये केसाएवढी फट राहू शकते, आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक असतो. म्हणून अमुक कंपनीची चांगली, तमुकची वाईट असं मी सांगत नाही. हातात आलेला नग कसा आहे ते बघावं लागतं.

माझ्या बाबतीत जे घडलं ते या फटीमुळेच. तेव्हा ६०डी होता, ग्रिप बाहेरची, वापरून पाच-सहा महिने झाले होते, तक्रार काही नव्हती. कऱ्हाडजवळ एक लग्न होतं. सकाळपासून मोटारसायकलवर फिरून वरपक्षाकडचं काम केलं, दुपारी कार्यालयात आलो. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं, मी कॅमेरा उभा केला आणि व्ह्यूफाइंडरमधले आकडे गेले. स्विच बंद-चालू केला, आले. परत उभा केला, परत गेले. गाडीच्या हादऱ्यांनी चाक पाऊण आटा सैल झालं होतं, आणि ७०-२०० च्या वजनाने बॉडी पुढे झुकली की खांबाच्या पट्ट्या सुटत होत्या. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी ग्रिप काढून बॅटरी थेट बॉडीत घातली, पण कॅमेरा चालू होईना. बॅटरीच्या जागेत एक छोटा स्विच असतो, तो झाकणाने दाबला गेल्याशिवाय बॉडी सुरूच होत नाही, आणि झाकण घरी टेबलाच्या खणात होतं. अक्षता पडल्या त्या माझ्या जोडीदाराच्या कॅमेऱ्यात, दुसऱ्या बाजूने. तो नसता तर त्या घरच्यांना मी काय उत्तर दिलं असतं, हे आजही मनात येतं.

तेव्हापासून दोन गोष्टी अंगवळणी पडल्या. एक, काम सुरू करताना, जेवणानंतर आणि वरातीच्या आधी अंगठ्याने ते चाक आवळून बघतो. दोन, झाकण कधीही घरी ठेवत नाही. बऱ्याच ग्रिपच्या खांबाच्या बाजूला हे झाकण ठेवायला खाच दिलेली असते. तुमच्या ग्रिपला ती असेल आणि झाकण तिच्यात घट्ट बसत असेल तर तिथेच ठेवा. सैल असेल तर कार्डांच्या डबीत ठेवा.

बॅटऱ्यांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. बाहेरची ग्रिप चालेल, पण तिच्यात लोकल बॅटरी घालू नका. दोन अनिश्चित गोष्टी एकत्र आल्या की बिघाड कुठे आहे हे सापडत नाही. तुमच्या कॅमेऱ्यात मेन्यूमध्ये बॅटरीच्या माहितीची स्क्रीन आहे. तिथे उरलेला चार्ज टक्क्यांत दिसतो, आणि बॅटरीची चार्ज धरून ठेवायची ताकद तीन खुणांनी दाखवतात. ग्रिप लावल्यावर तिथे दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या दिसायला हव्यात. कधी कधी बॅटरीवर कॅननचं चिन्ह आहे का असा प्रश्न स्क्रीनवर येतो. ओरिजिनल बॅटरी असूनही तो वारंवार येत असेल तर ग्रिप माहिती नीट पोचवत नाही, ती परत करा.

दोन बॅटऱ्या एकत्र काम करतात तेव्हा भरलेल्या बॅटरीतून रिकाम्या बॅटरीत वीज वाहू नये याची सोय ग्रिपमध्ये असावी लागते. बाहेरच्या ग्रिपमध्ये ती कितपत चांगली केलीय हे उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून जोडी सारखी ठेवा: एकाच कंपनीच्या, साधारण एकाच वयाच्या, दोन्ही पूर्ण भरलेल्या. मी माझ्या जोड्यांवर स्केच पेनने १-१, २-२ असं लिहिलंय आणि त्या एकत्रच चार्ज करतो. तुमची एक ओरिजिनल आणि एक लोकल ही जोडी ग्रिपमध्ये घालू नये असं मला वाटतं ते यासाठीच.

ग्रिपसोबत सहा पेन्सिल सेल बसवायचा एक ट्रे येतो. अडीनडीला तो उपयोगी आहे, पण त्यात रिचार्जेबल निकेल सेलच घाला. त्यांचं गणित जुळतं: १.२ व्होल्टचे सहा म्हणजे ७.२ व्होल्ट, नेमका तुमच्या बॅटरीइतका दाब. साधे अल्कलाइन सेल एकदम जास्त करंट देताना दमतात आणि फार फोटो मिळत नाहीत. टीव्हीच्या रिमोटचे स्वस्त सेल तर घालूच नका, ते गळले तर ट्रेचे कॉन्टॅक्ट खातात. मी फ्लॅशसाठी रिचार्जेबल सेल बाळगतोच, तेच या ट्रेला चालतात. आठ वर्षांत तो ट्रे कामावर दोनदा वापरला असेल.

हे वाचणाऱ्यांत निकॉनवाले असतील तर त्यांचं चित्र वेगळं आहे. डी७२००, डी७५० यांसारख्या बॉडींत एक बॅटरी बॉडीतच राहते, दुसरी ग्रिपमध्ये जाते, आणि जोडणी तळाच्या रबरी टोपीखालच्या पिनांतून होते. ग्रिपचा स्पर्श सुटला तरी बॉडी आपल्या बॅटरीवर चालत राहते. त्यामुळे बाहेरची ग्रिप निकॉनवर लावायला मी कमी घाबरतो. मेन्यूत आधी ग्रिपची बॅटरी वापरायची असं ठेवा, म्हणजे बॉडीतली शेवटपर्यंत राखीव राहते आणि ती बदलायला ग्रिप काढावी लागत नाही. ती रबरी टोपी मात्र जपा. डी७५०० ला तळाशी पिनाच नाहीत. त्याला मिळणाऱ्या ग्रिप बाजूच्या रिमोटच्या सॉकेटमध्ये वायर लावून शटर चालवतात. डी५६०० च्या ग्रिपही तशाच. लग्नाच्या गर्दीत ती वायर कुठेतरी अडकणारच, म्हणून त्या मी सुचवत नाही.

ग्रिप लावल्याने फोटोंचा वेग वाढतो असाही समज आहे. निकॉनच्या काही वरच्या बॉडींत ते खरं आहे, उदाहरणार्थ डी८५० ला कंपनीची ग्रिप आणि मोठी बॅटरी लावली की सेकंदाला ७ चे ९ होतात. तुमच्या ८०डी चा वेग सेकंदाला ७ आहे आणि ग्रिप लावूनही ७ च राहतो.

घेतलीच तर पहिल्या कामाआधी आठ दिवस घरी वापरा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत हे उरकून घ्या. माझी पद्धत सांगतो. बॉडीला ग्रिप आवळून खिडकीच्या उजेडात धरा आणि जोडाकडे आडवं बघा. पलीकडचा उजेड दिसला तर फट आहे. मग एका हाताने ग्रिप, एका हाताने लेन्स धरून हलकेच पीळ द्या. किंचित लवचिकता सगळ्यांत असते, पण टिक असा आवाज आला किंवा स्क्रीन लुकलुकली तर तो नग नको. रात्री दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरून, कॅमेरा बंद करून ग्रिपसकट ठेवून द्या, सकाळी टक्के बघा. माझ्या एका बाहेरच्या ग्रिपला कॅमेरा बंद असतानाही बॅटरी पिण्याची सवय होती, शनिवारी रात्री भरलेली जोडी रविवारी सकाळी ऐंशीच्या खाली. बंद ठेवल्यावर एका रात्रीत दोन-तीन टक्क्यांहून जास्त उतरणं बरोबर नाही.

सगळ्यात जास्त वेळ शटर बटणाला द्या. कंपनीच्या ग्रिपमध्ये अर्धं दाबणं आणि पूर्ण दाबणं यातली पायरी बोटाला स्पष्ट लागते. बाहेरच्या ग्रिपमध्ये ती बऱ्याचदा पुसट असते: फोकस घ्यायला जाता आणि क्लिक होतो, किंवा उलट, दाबूनही क्लिक होत नाही. घरातल्या चालत्या लहान मुलाचे उभ्या फ्रेमचे तीनशे फोटो काढा. बोटाला सवय होते की नाही ते त्यात कळेल. थोडा फरक बोट शिकून घेतं, पण एकाच दाबाला दरवेळी वेगळा प्रतिसाद मिळत असेल तर तिथे सवयीचा उपयोग नाही. डायल फिरवून बघा, एक खटका एक पायरी असं होतंय ना. ग्रिपवरचा चालू-बंदचा छोटा स्विच चालतोय ना तेही बघा. कॅमेरा कमरेला लटकत असताना तो बंदच असावा, नाहीतर पोटाला बटण दाबलं जाऊन कार्ड जमिनीच्या फोटोंनी भरतं.

ट्रायपॉडवर ग्रिपसकट कॅमेरा ठेवायचा असेल तर सावध राहा. बॉडी ग्रिपवर, ग्रिप प्लेटवर, असे दोन जोड होतात आणि उभ्या फ्रेममध्ये वजनाने बॉडी हळूहळू फिरते. रात्रीच्या रोषणाईचे लांब शटरचे फोटो काढायचे तर ग्रिप काढूनच काढा, किंवा लेन्सला कॉलर (लेन्सच थेट ट्रायपॉडला लावायचं कडं) असेल तर ती वापरा.

पाण्याचंही बघायला हवं. बाहेरच्या ग्रिपच्या जोडाला रबराची कड क्वचितच असते. हळदीच्या कार्यक्रमात पाणी उडतं, आणि ते नुसतं पाणी नसतं, त्यात हळद-तेल असतं. ते जोडातून खांबाकडे गेलं तर पट्ट्यांवर चिकट थर बसतो. हळदीला आणि पावसाळी प्री-वेडिंगला मी ग्रिप काढून ठेवतो. हंगामात महिन्यातून एकदा पट्ट्या कोऱ्या सुती कापडाने पुसतो.

वॉरंटीबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. दुसऱ्या कंपनीच्या साहित्यामुळे झालेल्या बिघाडाची जबाबदारी कॅमेरा कंपनी घेत नाही, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण ८०डी २०१६ चा कॅमेरा आहे, तुमची वॉरंटी बहुधा केव्हाच संपली असेल, त्यामुळे त्यावर फार विचार करू नका.

पैशांचा क्रम मी असा लावला असता. आधी एक ओरिजिनल बॅटरी, लोकल कामाच्या बॅगेतून बाहेर. मग जुनी ओरिजिनल ग्रिप शोधायची. तुमच्या बॉडीची कंपनीची ग्रिप बीजी-ई१४ आहे, आणि तीच ७०डी, ८०डी, ९०डी या तिघांना चालते. बरेच जण मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) गेल्यामुळे या ग्रिप आता सेकंडहँड बाजारात येतात. मुंबईला जाणं झालं तर फोर्टात बोरा बाजारातल्या दुकानांत विचारा, नाहीतर आपल्या जिल्ह्याच्या फोटोग्राफर मंडळींच्या ग्रुपवर टाका. बॉडी सोबत नेऊन, लावून, उभी-आडवी करून बघा आणि मगच पैसे द्या. अशी ग्रिप बाहेरच्या नव्या ग्रिपपेक्षा थोडी महाग पडली तरी मी तीच घेईन. दिवाळीपर्यंत नाही मिळाली तर बाहेरची घ्या, वरच्या आठ दिवसांच्या चाचणीतून पास झाली तर बिनधास्त कामावर न्या.

मागच्या लग्नातल्या उभ्या फोटोंचा आकडा आणि लेन्स कोणती वापरता तेवढं कळवा. नुसती १८-१३५ असेल तर वजनाचा प्रश्न बराच हलका होतो, आणि मग कदाचित ग्रिपआधी दुसरी एखादी गोष्ट घ्यायला सांगेन.